तीन नावांचा कागद

‘अन्नपूर्णा’ हा शब्द मानपत्रात किती वेळा यावा, यावर पाऊण तास चर्चा चालली होती.

“चार वेळा,” मंडळाचे अध्यक्ष डॉ. दांडेगावकर म्हणाले. “सुरुवातीला एक, शेवटी एक, मध्ये दोन.”

“चारदा म्हणजे पिठाची जाहिरात वाटेल,” नीलाक्षी वैशंपायन म्हणाली. “तीनदा ‘अन्नपूर्णा’ आणि एकदा ‘माउली’ करा.”

“मतदान घेऊ. रिसबूड, लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. मी मंडळाचा सेक्रेटरी. पुण्यात असताना एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहायचो, एवढ्या भांडवलावर मंडळाचं सगळं लेखन गेली अकरा वर्षं माझ्या गळ्यात होतं. स्वागताची भाषणं, श्रद्धांजल्या, आणि ‘ओले बूट दाराशीच काढावेत’ ही पाटी. तिन्हींचा परिणाम सारखाच व्हायचा.

एवढ्यात दार खांद्याने ढकलून, हातात ट्रे घेऊन कालिंदीवहिनी भडकमकर आत आल्या. मानपत्र ह्यांचंच होतं. सत्कार गुप्त ठेवायचा ठराव झाला होता, त्यामुळे सगळ्यांनी घाईघाईने कागदांवर पंजे ठेवले, आणि वहिनींनी त्या पंजांना चुकवत प्रत्येकापुढे चहा ठेवला.

“काही खासगी चाललंय का?”

“छे हो वहिनी, नेहमीचंच,” दांडेगावकर म्हणाले.

“मग माझ्या कागदाचं काय झालं?”

“तुमचा विषय नवव्या क्रमांकावर आहे.”

“गेल्या महिन्यातही नववाच होता.”

“हो, पण गेल्या महिन्यात आपण चौथ्यावर उठलो. आज पाचवा चालू आहे.”

“प्रगती आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि रिकामा ट्रे काखेत धरून निघून गेल्या.

ह्याला आता वीस वर्षं झाली. कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखातलं आमचं शहर. हिवाळ्यात उणे पस्तीस, आणि पाचशे मैलांत दुसरं मराठी मंडळ नाही, म्हणून आम्ही स्वतःला ‘उत्तरेचा महाराष्ट्र’ म्हणवून घ्यायचो. आमच्याकडे स्वतःची जागा नव्हती. गणपती, संक्रांत, दिवाळी सगळं युक्रेनियन लोकांच्या हॉलमध्ये चालायचं. वर त्यांचं स्टेज, खाली तळघरात भलंमोठं स्वयंपाकघर. दर गुरुवारी त्यांच्या वीसेक म्हाताऱ्या तिथे जमून उकडलेल्या करंज्यांसारखे त्यांचे पिरोही करायच्या, हजारांनी. त्यांची मुख्य ओल्हा बोयको. पंचाहत्तरीची, डोक्याला रुमाल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंडात मोजकं इंग्रजी. तिने आमच्या मंडळाला कधी चांगलं म्हटलं नाही. फक्त वहिनींवर तिचा जीव होता. युक्रेनमध्ये ‘कलिना’ नावाचं लाल बोरांचं झाड असतं, म्हणून ती कालिंदीवहिनींना कलिना म्हणायची.

वहिनी अडतीस वर्षं मंडळाचं काम करत होत्या. मोदक करायच्या, नव्या माणसाला विमानतळावर स्वेटर घेऊन भेटायच्या, बाळंतिणींना डिंकाचे लाडू पोचवायच्या. पण ते सगळं वरवरचं. त्यांचं खरं काम एकच होतं, आणि त्याला मंडळाच्या घटनेत नाव नव्हतं. आमच्यातलं कोणी गेलं, की त्या घरी सगळ्यांत आधी वहिनी जायच्या.

त्याची सुरुवात शेवड्यांपासून झाली. नागपूरचा एकटा राहणारा पोरगा, फेब्रुवारीत अचानक गेला. कोणी काय करायचं हे ठरवायला तेव्हाच्या कमिटीने बैठक बोलावली, कोरम झाला नाही, पुन्हा बोलावली. शेवडे नऊ दिवस एका गोऱ्याच्या शीतगृहात कोरमची वाट बघत पडला होता. दहाव्या दिवशी कालिंदीवहिनी, तेव्हा तिशीतल्या, एकट्या बस पकडून गेल्या. त्याला आंघोळ घातली, मुखात पाणी घातलं, आणि त्या गोऱ्याला बजावलं की दहनाच्या खोलीत त्याच्या भावाच्या जागी मी उभी राहणार. कमिटीने पुढच्या बैठकीत त्यांच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत केला. तेव्हा कोरम होता.

तेव्हापासून पन्नासावर घरं त्यांनी केली. आता गुडघे गेले होते. ऑक्टोबरअखेर त्या मुलीकडे, व्हँकुव्हरला कायमच्या निघाल्या होत्या. जाण्याआधी त्यांना एकच हवं होतं: एक कागद, त्यावर तीन नावं. महिनाभर ह्या तिघांची पाळी. पुढच्या महिन्यात दुसरे तिघे.

आणि आम्ही त्यांना मानपत्र देत होतो.

मानपत्रासाठी ‘माहिती’ घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. अर्ध्या घराची खोकी झाली होती. वहिनी ओट्यापाशी स्टुलावर बसून भाकरी थापत होत्या.

“या रिसबूड भाऊजी. गुप्त सत्काराची माहिती घ्यायला आलात ना?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“नीलाक्षीने. त्या दिवशी कुठली साडी नेसणार म्हणून विचारत होती. शालीच्या रंगाशी मारामारी नको म्हणे.”

मी वही काढली. “जन्मगाव?”

“चिपळूण. हनुवटी लगेच बांधायची हं.”

“काय?”

“माणूस गेल्यावर. तासाभरात. नंतर बांधायला गेलं तर बांधता येत नाही, तोंड उघडंच राहतं, आणि घरचे जन्मभर तेच आठवत बसतात. लिहा.”

“वहिनी, हे मानपत्रात कसं घालू?”

“मग कशात घालता? तुमच्या त्या दिवाळी अंकात?” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “डोकं दक्षिणेला. इकडच्या घरांत दक्षिण सापडत नाही, म्हणून मी होकायंत्र ठेवते. तुळशीचं पान माझ्या खिडकीतलं चालतं, कुंडी ओल्हाकडे ठेवून जाणार आहे. नर्सने कागदावर सही केल्याशिवाय गाडीवाल्याला फोन करायचा नाही. आणि घरात कोणी रडत नसेल तर त्याच्यावर लक्ष ठेवायचं. रडणाऱ्यांची काळजी नसते.”

माझं पेन ‘चिपळूण’वरच थांबलं होतं.

“ओल्हाच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी कागद बघितलात कधी?” त्यांनी विचारलं. “तीन नावं असतात. कोणी गेलं की त्या तिघी जातात. ओल्हा गेली तरी तिच्यासाठी तिघी जातील. त्यांच्या भिंतीवर पंचेचाळीस वर्षं कागद आहे. आपल्या भिंतीवर मी आहे.”

“सगळ्यांनाच तुमच्यासारखं जमत नाही, वहिनी.”

“मलाही जमत नव्हतं. शेवड्याला आंघोळ घालून घरी आले आणि दोन दिवस जेवले नाही. मोदकांचं सोडा, मोदक आता गोठवलेले मिळतात. हे गोठवलेलं मिळत नाही.” मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. “भाऊजी, तुमचं नाव लिहू का पहिलं?”

मी हसलो. हसलो की वेळ मिळतो, हे मी त्या सदराच्या दिवसांत शिकलो होतो.

“माझी पाठ, वहिनी. डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय.”

“खुर्च्या रचताना वाकता की.”

“खुर्च्या हलक्या असतात.”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “भाकरी खाऊन जा. तिला वाकावं लागत नाही.”

मी दोन खाल्ल्या. घरी येऊन मानपत्र लिहिलं. त्यात ‘अन्नपूर्णा’ तीनदा आलं, ‘माउली’ एकदा, ‘अखंड सेवेचा नंदादीप’ माझ्या पदरचा. मेलेल्या माणसाचा उल्लेख कुठेही नव्हता. दांडेगावकर म्हणाले, “रिसबूड, हे तुमचं आजवरचं सर्वोत्तम लेखन.” मला तेव्हा ते खरं वाटलं.

सत्कार शनिवारी दुपारी. त्या दिवशी वहिनींना कसल्याही कामाला हात लावू द्यायचा नाही, असा मंडळाने ठराव केला होता. म्हणून त्यांनी दोनशे दहा माणसांचा स्वयंपाक शुक्रवारीच करून ठेवला.

स्टेजवर पाच खुर्च्या. वहिनींना मधली दिली आणि दोन्ही बाजूंना कमिटी बसली, तपासनाक्यावर बसावी तशी. दांडेगावकर मातीतले डॉक्टर. पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनींवर त्यांनी डॉक्टरेट केली होती, आणि बोलायला उभे राहिले की विषय लक्षात यायचा. चाळीस मिनिटं ते बोलले. त्यात ‘मी’ किती वेळा आला ह्यावर मतदान झालं नव्हतं. मग शाल, नारळ, फुलांचा गुच्छ, आणि मी वाचलेलं मानपत्र. ‘नंदादीप’ला टाळ्या आल्या. मी जरा थांबलो, अजून थोड्या आल्या.

“आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत,” नीलाक्षी म्हणाली. “दोनच हं वहिनी, जेवण गार होतंय.”

वहिनी उठल्या. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली. पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी उघडून लोकांपुढे धरला. वर ‘नोव्हेंबर’ लिहिलं होतं. खाली आकडे. एक, दोन, तीन. पुढे रिकाम्या रेघा.

“ज्यांच्या घरी मी गेले आहे, त्यातली पुष्कळ मंडळी समोर बसलेली दिसतात,” त्या म्हणाल्या. “परचुरे आहेत. काणेकर आहेत. विद्या, तुझी आई गेली तेव्हा तू चार महिन्यांची पोटुशी होतीस, मी तुला आत येऊ दिलं नव्हतं. आठवतं? मी आता चालले. ह्या कागदावर मला तीन नावं हवीत. फार नाही. महिन्याभरात एखादं माणूस जातं, कधी तेही नाही. कोण येतंय?”

दोनशे दहा माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती, जणू वहिनींचं दुखणं तिथेच पसरलं होतं. परचुऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. काणेकरांच्या बायकोने त्यांच्या दंडावर हात ठेवला. एरवी लोक धीर द्यायला ठेवतात, तिने आवरायला ठेवला.

दांडेगावकरांनी प्रसंगावधान राखलं. ते ताडकन उभे राहिले.

“वहिनी!” ते माईकशिवाय गरजले. “तुमची जागा कोणी घेऊच शकत नाही!”

आणि टाळ्या वाजवायला लागले. नीलाक्षी उठली. पहिली रांग उठली. मग सगळा हॉल उठला. अशा टाळ्या त्या हॉलने आमच्याकडून कधी ऐकल्या नव्हत्या. टाळ्या वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे एकही वर करता येत नाही. मीही वाजवत होतो. चांगल्या जोरात.

वहिनी कागद धरून शांत उभ्या होत्या. टाळ्या थांबल्यावर म्हणाल्या, “माझी जागा नको आहे कोणाला द्यायला. नुसती पाळी घ्या.”

“जेवायला चला!” नीलाक्षीने माईकवर जाहीर केलं.

कागद त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ओल्हाच्या कागदाशेजारी डकवला. त्याला दोरीने पेन्सिल बांधली. “लाजाळू माणसांसाठी,” मला म्हणाल्या. जेवण त्या खोलीतूनच वाढायचं होतं, त्यामुळे दोनशे दहा माणसं हातात प्लेट घेऊन त्या कागदासमोरून गेली. मी दाराशी उभा राहून बघत होतो. लोक तिथे येईपर्यंत गप्पा मारत यायचे, नेमके त्या चार पावलांत आमटीत खोबरं आहे का हे बघायचे, आणि पुढे गेल्यावर पुन्हा बोलायला लागायचे. काही जण दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आले. उरलेली पुरणपोळी डब्यांत भरून न्यायलाही आले. चार वाजता हॉल रिकामा झाला. कागदही.

मी खुर्च्या रचून खाली आलो. वहिनी ओट्याशी पातेली घासत होत्या. मी फडकं घेतलं.

ओल्हा हॉल बंद करायला आली, मागे तिच्या दोघी जोडीदारणी, स्तेफा आणि मारुसिया, दोघीही सत्तरीपुढच्या. तिने आधी ओटा स्वच्छ आहे ना बघितलं. मग भिंत बघितली.

“हे काय?” तिने मला विचारलं.

मी सांगितलं.

“आज तुमचे किती लोक होते?”

“दोनशे दहा.”

तिने किल्ल्या ओट्यावर ठेवल्या. मग हात एप्रनला पुसले, पेन्सिल घेतली आणि पहिल्या रेघेवर तिच्या लिपीत आपलं नाव लिहिलं. स्तेफाला काहीतरी म्हणाली. स्तेफाने लिहिलं. मारुसियाला चष्मा सापडेना, तिने ओल्हाचा घालून लिहिलं.

“ओल्हा, नको,” वहिनी म्हणाल्या. “तुमचंच केवढं असतं.”

“कलिना, तू मुलीकडे जा,” ओल्हा म्हणाली. “डोकं कुठल्या दिशेला ते सांग. आमच्यात पाय दाराकडे.”

वहिनींनी ओला हात पदराला पुसला आणि सांगायला लागल्या. ओल्हा बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाण काढून घेत होती. मध्येच तिने दोरीची पेन्सिल माझ्यापुढे धरली.

“तीनच रेघा आहेत,” मी म्हणालो.

चौथी तिने आखली नाही. मीही मागितली नाही.

इतक्यात दांडेगावकर विसरलेला डबा न्यायला आले. कागद बघून त्यांचा चेहरा उजळला. “वा! ही खरी सांस्कृतिक देवाणघेवाण!” त्यांनी तिन्ही म्हाताऱ्यांना ओळीत उभं करून फोटो काढला. मंडळाच्या पुढच्या अंकात तो पहिल्या पानावर आला. मथळा मी दिला.

नोव्हेंबर कोरडा गेला. डिसेंबरच्या कागदावर ओल्हाने तीच तीन नावं पुन्हा लिहिली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाला, मला तिचा फोन आला.

“त्या फोटोवाल्याचा बाप गेला. तुझं घर जवळ आहे. ये.”

“मी काय करू येऊन?”

“माझ्या बाणांच्या कागदावर कलिनाने तुमच्या भाषेत काही लिहिलंय. वाचून दाखव. वाचायला तरी येतं ना तुला?”

दांडेगावकरांचे वडील, आप्पा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. सहा महिन्यांसाठी आले आणि अंथरुणाला खिळले. रात्रभर बर्फाचं वादळ झालं होतं. त्याच गल्लीत राहणारी नर्स नऊच्या सुमारास येऊन सही करून गेली होती, पण नेणारी गाडी संध्याकाळपर्यंत पोचणार नव्हती. दांडेगावकरांनी सवयीने वहिनींचा नंबर फिरवला, तो बंद. मग व्हँकुव्हरला केला. वहिनींनी ऐकून घेतलं, “कागद बघा,” म्हणाल्या, फोन ठेवला, आणि स्वतः ओल्हाला केला. ओल्हा पुतण्याच्या बर्फ ढकलायच्या ट्रकमधून आली होती, मध्ये स्तेफा, कडेला मारुसिया, मांडीवर तुळशीची कुंडी.

मी गेलो तेव्हा दांडेगावकर पॅसेजमध्ये उभे होते. खोलीच्या उंबऱ्याबाहेर दीड फूट.

“रिसबूड,” ते कुजबुजले, “आपल्यातलं कोणीच नाही का?”

“आहेत. यादीतलीच आहेत.”

“मी सात जणांना फोन केले. रस्ते बंद आहेत म्हणतात सगळे.”

“ह्या उघडे करून आल्या.”

आत ओल्हाने हनुवटी बांधली होती. कोमट पाण्याचं भांडं, फडकी, धुतलेलं धोतर, सगळं हाताशी मांडलेलं होतं. तिने मला बाण दाखवला. “दक्षिण कुठे?”

मी दांडेगावकरांना विचारलं. एकोणीस वर्षं ते त्या घरात राहत होते, आणि जगातल्या कुठल्याही जमिनीचा उतार सांगू शकत होते. त्यांना ठाऊक नव्हतं. स्तेफाने खिडकीच्या चौकटीवर उत्तरेच्या वाऱ्याने चिकटलेला बर्फ बघितला आणि बोटाने समोरची भिंत दाखवली.

आप्पांना पलंगावरून उचलून खाली, दक्षिणेला डोकं करून ठेवायचं होतं. ओल्हाने पायांकडची जागा धरली, दोघी दोन बाजूंना. डोक्याकडे जागा मोकळी होती. तिघींनी माझ्याकडे बघितलं. माझी पाठ त्या दिवशी उत्तम होती. मी पाऊल उचललं, आणि पॅसेजमधून दांडेगावकरांचा आवाज आला, मराठीत.

“रिसबूड, ह्या तिघींचा मंडळातर्फे सत्कार व्हायला हवा. मानपत्र तुम्ही लिहा.”

“काय म्हणतो तो?” ओल्हाने विचारलं.

मी सेक्रेटरी. भाषांतर माझंच काम होतं.

“म्हणतोय,” मी म्हणालो, “बाप माझा आहे, डोक्याकडून मी धरणार.”

ओल्हाचा चेहरा पहिल्यांदाच नरम झाला. ती उठली, पॅसेजमध्ये गेली, दांडेगावकरांना दंडाला धरून आत आणलं आणि त्यांचे दोन्ही हात धरून आप्पांच्या खांद्यांखाली घातले. दांडेगावकरांनी माझ्याकडे बघितलं. मी कमरेशी वाकून एका बाजूने धरलं आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं, पण आप्पांचं डोकं एव्हाना त्यांच्या छातीवर टेकलं होतं, आणि त्या वजनाखाली त्यांना भाषण सुचलं नाही. “आप्पा,” एवढंच म्हणाले. मग तो माणूस असा रडला की मारुसियाने भांड्यातलं फडकं पिळून आधी त्याचं तोंड पुसलं.

जानेवारीचा कागद ओल्हाने कोराच डकवला होता. मी गेलो तेव्हा पहिल्या रेघेवर मराठीत नाव लिहिलेलं होतं. आधी ‘डॉ.’ लावलेलं, पुढे पदवी, आणि कंसात ‘अध्यक्ष’, त्यामुळे दुसऱ्या रेघेचीही थोडी जागा खाल्लेली. मी त्याखाली दाटीवाटीने माझं लिहिलं. तिसरी रेघ मार्चपर्यंत स्तेफाच भरत होती.